'मोबी डिक'मधली गाळलेली प्रकरणं

'मोबी डिक' वाचायला घेतलं तेव्हा एका मित्राने सल्ला दिला होता, "देवमाशांची माहिती गाळ, गोष्ट तेवढी वाच." १३५ प्रकरणं, तीही मोबाइलवर. ऐकलं त्याचं. हाती लागली एका पायाच्या कप्तानाची सूडकथा. बरी वाटली, पण एक प्रश्न राहिला: एहॅबला वेड लागलंय हे दिसत असताना बाकीचे खलाशी त्याच्या मागे का जातात?

उत्तर गाळलेल्या प्रकरणांत होतं. ती मी नाइट शिफ्टमध्ये वाचली.

हर्मन मेलविल १८४१ साली स्वतः देवमासे मारणाऱ्या जहाजावर खलाशी होता आणि पुढच्या वर्षी मार्केसस बेटांवर पळून गेला. त्यामुळे ही 'माहिती' काम केलेल्या माणसाची आहे. निवेदक इश्माएलला पगार नाही, मिळकतीचा तीनशेवा हिस्सा. (ईसॉपवाल्यांनी जरूर वाचावं.) मेलेल्या माशाच्या निसरड्या पाठीवर क्वीक्वेग उभा, खाली शार्क, आणि त्याच्या कमरेचा दोर डेकवरच्या इश्माएलच्या कमरेला. तो बुडाला तर हाही जाणार. इतर जहाजांवर असं बांधत नाहीत. दोर धरणाऱ्याने ढिलाई करू नये म्हणून ही याच जहाजावरची सुधारणा. असा बांधलेला माणूस कप्तानाला प्रश्न कधी विचारणार?

मग चरबी वितळवायची भट्टी. ती एकदा पेटली की लाकूड लागत नाही, तेल निघालेले चरबीचे तुकडेच सरपण होतात. मासा स्वतःच्याच जाळावर शिजतो. मध्यरात्री इश्माएल सुकाणूवर उभा राहून त्या आगीकडे बघत राहतो, त्याला डुलकी लागते. जाग येते तेव्हा समोर होकायंत्रच नाही. झोपेत तो उलटा फिरून जहाजाच्या मागच्या टोकाकडे तोंड करून उभा असतो. जहाज उलटता उलटता वाचतं. पहाटे चारला चुकीच्या सर्व्हरवर कमांड टाइप करून एंटरवर बोट ठेवलेला मी हे वाचून बराच वेळ गप्प होतो. एहॅबच्या भाषणांपेक्षा हा थकवा मला जास्त पटतो.

सगळंच ग्रेट आहे असं नाही. देवमाशांच्या वर्गीकरणाचं ३२वं प्रकरण मला आजही जड जातं. १८५१च्या वाचकांनाही पुस्तक फारसं रुचलं नाही. १८६६पासून मेलविलने १९ वर्षं न्यूयॉर्क बंदरात कस्टम्सची नोकरी केली, दुसऱ्यांच्या जहाजांवरचा माल तपासत.

मित्राला सांगितलंय: बाकी काहीही गाळ, ७२ आणि ९६ नको.