मावळचे पाणी आणि भांडवलशाहीच्या अंताची भाकिते

भांडवलशाहीच्या भवितव्याची चर्चा आपल्याकडे बहुधा कारखान्याच्या दारापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. नफ्याच्या दराची घसरण आणि संघटित कामगारवर्ग ही व्यवस्था संपुष्टात आणतील, असे मार्क्सने मानले. शुंपेटरने १९४२ साली नेमके उलट कारण दिले. व्यवस्थेचे अपयश नव्हे, तर तिचे यशच तिचे सामाजिक आधार पोखरून टाकील, असे सांगून त्यानेही जवळजवळ तोच निष्कर्ष काढला. दोघांच्या दृष्टीपुढे यंत्र, मालक आणि मजूर आहेत. जमीन व पाणी ही पार्श्वभूमीस राहतात. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरून पाहिले असता ही पार्श्वभूमीच मुख्य चित्र ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९१० साली स्थापन झालेल्या टाटांच्या जलविद्युत कंपनीने लोणावळ्यानजीक वळवण येथे इंद्रायणीवर धरण बांधले. तेथील पाणी सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीस सोडून निर्माण केलेली वीज १९१५ पासून मुंबईच्या कापडगिरण्यांस मिळू लागली. स्वाभाविक उताराने पूर्वेकडे भीमेस जाणारे पाणी अशा रीतीने पश्चिमेस पाताळगंगेत जाऊ लागले. या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन गिरणी हे होते. पुढे १९८२ च्या संपानंतरच्या दोन दशकांत त्या गिरण्यांपैकी बहुतेक बंद पडल्या. त्यांच्या जागी मनोरे व बाजारसंकुले उभी राहिली. शुंपेटरच्या परिभाषेत हा सर्जक विनाश होय. परंतु विनाश कशाचा झाला हे नीट पाहिले पाहिजे. माग गेले, मजूर गेला. गिरणीखालची जमीन गेली नाही, उलट तिचे मोल गिरणीहून कितीतरी वाढले. घाटमाथ्यावरचे धरणही राहिले. त्याचे पाणी आज दुसऱ्याच ग्राहकांसाठी वीज निर्माण करते. उद्योग मर्त्य ठरला. त्याच्या नावाने मिळविलेला जमीन-पाण्यावरील हक्क मात्र टिकून राहिला.

हा हक्क मिळाला कसा, याचे उत्तर शेजारच्या मुळशीत सापडते. (आजच्या तालुक्यांच्या सीमा बाजूस ठेवल्यास मुळशी हाही मावळचाच भाग.) तेथील धरणासाठी सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन कंपनीकरिता जमिनी घेण्याचे ठरविले, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांच्या नेतृत्वामुळे त्याची आठवण राहिली हे खरे. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने त्यातील एका विसंवादाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या संशोधनात तो स्पष्टपणे मांडला आहे. कित्येक जमिनी आधीच पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या. कसणारा मावळा ‘जान किंवा जमीन’ म्हणत होता, तर कागदोपत्री मालक असलेला सावकार नुकसानभरपाईचा भाव ठरविण्यास राजी होता. म्हणजे ‘शेतकरी विरुद्ध भांडवलदार’ ही सुटसुटीत मांडणी येथे लागू पडत नाही. जमीन ही पैशात मोजण्याजोगी वस्तू आहे, हे तत्त्व सावकाराने कंपनीच्या आगमनापूर्वीच मावळात रुजविले होते.

मार्क्सने खंडाचा विचार केलाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ‘कॅपिटल’च्या तिसऱ्या खंडात तो विस्ताराने आला आहे. हा ग्रंथ आणि उपरिनिर्दिष्ट भूसंपादन कायदा दोन्ही १८९४ चेच, हा योगायोग मोठा मार्मिक होय. आक्षेप इतकाच की, बळाने होणाऱ्या मूलसंचयाला त्याने मुख्यतः इतिहासपूर्व टप्प्याचे स्थान दिले. रोझा लक्झेंबर्गने १९१३ साली ही त्रुटी दाखविली. भांडवलास सतत भांडवलेतर प्रदेश लागतो. तो संपला की व्यवस्थाही संपेल, असे तिचे म्हणणे. पण मावळात हा ‘बाहेरचा प्रदेश’ संपतच नाही. तीच भूमी आधी धरणासाठी, मग द्रुतगती मार्गासाठी, मग बंगल्यांसाठी व कारखान्यांसाठी पुन्हा पुन्हा घेतली जाते. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. २०२३ साली ह्युंदाईने त्या प्रकल्पाची मालमत्ता घेण्याचा करार केला, तो जमीन, इमारती व काही यंत्रसामग्रीपुरता होता. जुन्या कामगारांचा प्रश्न त्या कराराबाहेर राहिला.

म्हणून आम्हांस वाटते की, दीर्घकालीन भवितव्याच्या प्रश्नात मार्क्स व शुंपेटर यांपेक्षा रिकार्डोकडे परत जाणे अधिक फलदायी ठरेल. नफा क्षीण होत जाऊन खंड वाढत जाईल, ही त्याची १८१७ मधील भीती होती. त्याला न दिसलेली गोष्ट ही की, जमीनदार हा वेगळा वर्ग उरणार नाही. कारखानदारच खंडकरी होईल.

या मताविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावाही मावळातच आहे, आणि तो दडविणे योग्य नव्हे. ९ ऑगस्ट २०११ रोजी बौर येथे पवना जलवाहिनीस विरोध करणाऱ्या आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला; तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. पाणी नदीपात्रातून न सोडता बंद नळातून थेट नेल्यास काठावरची उपसा-शेती बुडेल, ही त्यांची भीती होती. पण येथे पाणी मागणारी संस्था कंपनी नव्हती, पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका होती. ते पाणी नफ्यासाठी नव्हे, तर घरोघरच्या नळांसाठी हवे होते, आणि त्या घरांत खेड्यांतून कामासाठी आलेले मजूर राहतात. खंड घेणारा येथे कोण, हे रिकार्डोच्या कोष्टकात बसत नाही, आणि आमच्याही बसत नाही.