जागल्याची भाकर

माणूस कोणत्या वस्तूला हसत पैसे मोजतो आणि कोणत्या वस्तूला कुरकुरत मोजतो, यावरून त्याच्या मनाचा थोडाफार ठाव लागतो. दिवाळीच्या मुहूर्तावर चाळीस हजारांचा संगणक घरात आणायचा ठरला, की गृहस्थ फारशी घासाघीस करीत नाही. मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न असतो, शेजारी आधीच आलेला असतो. पण बिल लिहिता लिहिता दुकानदार विचारतो, "अँटीव्हायरस घालून देऊ का? वर्षाचे थोडे पैसे पडतील." आणि इतका वेळ उदार असलेला गृहस्थ एकदम सावध होतो. "त्याला कशाला पैसे? ते तर फुकट मिळते ना!"

हे वाक्य आता इतक्या तोंडी झाले आहे, की त्याला म्हणीचा दर्जा द्यायला हरकत नाही. म्हण भेटली की तिच्यामागची समजूत शोधावी, ही आमच्या शिक्षकी पेशातली जुनी रीत. त्या रीतीने या वाक्याकडे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. संगणकाचा विषाणू म्हणजे कुणीतरी मुद्दाम लिहिलेला, एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात शिरणारा आणि तिथे उत्पात करणारा प्रोग्रॅम. त्याला ओळखून दारातच अडवणारा प्रोग्रॅम म्हणजे अँटीव्हायरस. थोडक्यात, हा आपल्या संगणकाचा जागल्या. या जागल्याने बिनपगारी जागावे, असे आपल्याला का वाटते?

चिक्कूपणा, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. 'फुकट ते पौष्टिक' ही म्हण आपलीच. पण हाच गृहस्थ दाराला भक्कम कुलूप लावतो, इमारतीच्या रखवालदाराच्या पगाराचा वाटा दरमहा देतो, विम्याचा हप्ता चुकवीत नाही. राखणीला पैसे पडतात हे त्याला पुरते मान्य आहे. तेव्हा कारण दुसरीकडेच शोधायला हवे.

पहिले कारण असे, की हा जागल्या दिसत नाही. रखवालदाराची काठी रात्री वाजते आणि अंथरुणात आपल्याला बरे वाटते. अँटीव्हायरसचे काम उत्तम चालले असेल, तर काहीच घडत नाही. आणि काहीच न घडल्याचे पैसे द्यायला मन सहजासहजी तयार होत नाही. ही अडचण विकणाऱ्यांनाही ठाऊक आहे. म्हणून त्यांचा जागल्या मधूनमधून पडद्यावर येऊन आपण जागे असल्याची वर्दी देत असतो.

मी कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे या वर्दीकडेही वाङ्मय म्हणून पाहण्याची मला खोड आहे. 'तुमचा संगणक धोक्यात आहे!' अशी तांबडी अक्षरे, पुढे उद्गारचिन्ह, आणि त्याखाली ठळक बटण: 'आता खरेदी करा'. भयकथा लिहिणाऱ्या कोणाही सामान्य लेखकाला कळते, की दर प्रकरणाच्या शेवटी भूत आणले, तर तिसऱ्या प्रकरणात वाचक जांभई देतो. इथे भूत रोज येते आणि त्याच्यामागून पावतीपुस्तक घेतलेला माणूस येतो. मग वाचकाला भुताऐवजी त्या माणसाचाच संशय येऊ लागला, तर दोष वाचकाचा नव्हे, लेखनाचा आहे.

या भयकथेला जुना इतिहास आहे. ६ मार्च १९९२ रोजी, म्हणजे मायकेलअँजेलोच्या जन्मदिवशी, त्याच्याच नावाचा एक विषाणू जगभर यंत्रांतील माहिती पुसून टाकणार, अशी आवई उठली होती. अँटीव्हायरसच्या धंद्यातले अमेरिकेतील आद्य गृहस्थ जॉन मॅकॅफी यांच्या नावाने पन्नास लाख यंत्रांचा आकडा वर्तमानपत्रांतून फिरला. विषाणू खराच होता. परंतु त्या दिवशी नुकसान झालेली यंत्रे काही हजारांच्या घरातच निघाली. मधल्या काळात अँटीव्हायरसची विक्री मात्र तडाख्याने झाली. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना शिकवतो. ती मोठ्यांनीही अधूनमधून वाचावी. औषध विकणारेच रोग पसरवतात, हा प्रवाद अशाच प्रसंगांतून बळावतो. मला तो पटत नाही. विषाणू लिहिणारे जगात इतके आहेत, की कंपन्यांनी त्यात भर घालण्याची गरजच नाही. तथापि प्रवाद का टिकतो, हे समजण्यासारखे आहे.

दुसरे कारण इतिहासात आहे. आज घरोघरी दिसणाऱ्या संगणकाच्या पूर्वजाला झालेला पहिला विषाणू १९८६ साली लाहोरात जन्मला. त्याचे नाव 'ब्रेन'. बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी तो लिहिला. आपले वैद्यकीय सॉफ्टवेअर लोक पैसे न देता उतरवून घेतात, त्यांना धडा मिळावा, हा हेतू असल्याचे त्यांनीच पुढे सांगितले. विषाणूच्या पोटात त्यांनी आपली नावे, दुकानाचा पत्ता आणि टेलिफोनचे नंबरही लिहून ठेवले होते! म्हणजे ज्या रोगावरचे औषध आपण फुकट मागतो, तो रोगच मुळी फुकट्यांना अद्दल घडवण्यासाठी जन्माला आला.

त्यानंतर औषध आले, आणि तेही जवळजवळ फुकटच आले. १९८७ साली मॅकॅफी यांनी कंपनी काढली, तेव्हा त्यांचा प्रोग्रॅम टेलिफोनच्या तारेवरून कुणीही उतरवून घ्यावा आणि वापरून पाहावा, अशी रीत होती. खरे पैसे मोठ्या कंपन्यांकडून यायचे. चेकोस्लोव्हाकियात प्राग येथे १९८८ साली पावेल बाउदिश यांनी एका विषाणूवर उतारा लिहिला. त्यातून पुढे 'अवास्ट' उभे राहिले, आणि २००१ पासून ते घरगुती वापरासाठी विनामूल्य देण्यात आले. यात केवळ औदार्य नव्हते. एक प्रत जास्त दिल्याने कंपनीचा खर्च फारसा वाढत नाही. शिवाय जितकी घरे जास्त, तितके चोर लवकर सापडतात. आणि एका घरी सापडलेल्या चोराचे वर्णन इतर सगळ्या घरी कळवता येते. म्हणजे फुकट वापरणारा गृहस्थ नकळत पहाऱ्यावर उभा असतो. फुकटची सवय गिऱ्हाइकाने लावून घेतली नाही. ती त्याला लावण्यात आली. आता त्याला नाव ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

तिसरे कारण मला सर्वांत वजनदार वाटते. घर बांधून विकणाऱ्याने दाराला कडी बसवून दिलीच पाहिजे. कडीचे पैसे वेगळे मागितले तर आपण त्याला चार शब्द सुनावू. संगणकाची मूळ प्रणालीच कच्ची असेल, तर तिच्या भेगांतून शिरणाऱ्या चोरांसाठी गिऱ्हाइकाने दुसऱ्याला का पैसे द्यावेत? 'विंडोज' बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीला हे पटायला वेळ लागला. २००९ च्या सप्टेंबरात तिने आपला अँटीव्हायरस विनामूल्य दिला, आणि २०१२ च्या 'विंडोज-८' पासून तो प्रणालीतच बसवून येऊ लागला. ज्याला लोक फुकट म्हणतात, ते इथे खरे पाहता घराच्या किमतीत आलेले आहे.

पण कडी असणे वेगळे आणि ती लावणे वेगळे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. यंत्रातील माहितीला कुलूप घालून तो खंडणी मागत असे. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या भेगेतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच, त्या वेळी चालू असलेल्या आवृत्त्यांसाठी विनामूल्य देऊन ठेवली होती. ज्यांनी ती बसवली नाही, त्यांच्या दारात चोर आला. दुसरी गोष्ट अशी, की कडी किती दिवस फुकट राहणार, हे सुतार ठरवतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज-१०' ची नेहमीची देखभाल थांबली, आणि अजून धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रे एका दिवसात जुनी ठरली. त्यापुढे वर्षभराच्या दुरुस्त्या हव्या असतील, तर काही अटी पाळा किंवा पैसे भरा, असा हिशेब निघाला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या मनात राखणीची जी कल्पना आहे, ती बाजारातून आलेली नाही, गावातून आलेली आहे. जुन्या गावगाड्यात राखण करणाऱ्याला एकेका घराने पैसे देण्याची रीत नव्हती. सुगीत गावाकडून त्याला धान्याचा हक्क मिळे, आणि तो साऱ्या गावासाठी जागे. त्या गाड्यात अन्याय पुष्कळ होता, तो परत यावा असे कुणी म्हणणार नाही. पण एक गोष्ट त्यात पक्की होती: राखण सगळ्यांची आणि तिचा खर्चही सगळ्यांचा. हा हक्क किती मोलाचा होता, याची साक्ष इतिहास देतो. पेशवाईनंतर इंग्रजांच्या अमलात पुरंदरच्या परिसरातील रामोशांचे राखणीचे हक्क गेले. उमाजी नाईकांच्या बंडामागे जी कारणे होती, त्यांत हे एक मोठे कारण होते.

संगणकाच्या बाबतीत ही गावाची कल्पना चुकीची नाही. एका घरचे यंत्र बिघडले, की त्यातून शेजाऱ्यापाजाऱ्यांना विषारी पत्रे जाऊ लागतात. तेव्हा शेजाऱ्याचे यंत्र निरोगी असण्यात माझाही स्वार्थ आहे. राखण फुकट असावी, असे म्हणणारा गृहस्थ नकळत हेच बोलत असतो. त्याची चूक एवढीच, की जागल्या त्याला आठवतो आणि त्याची भाकर तो विसरतो.

घरोघरी फुकट बसलेल्या 'अवास्ट'ने ती भाकर कुठून मिळवली, हे जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी उघडकीस आणले. तिच्या 'जंपशॉट' नावाच्या पोटकंपनीमार्फत, वापरणारे इंटरनेटवर कुठे कुठे जातात, काय काय पाहतात, याची माहिती विकली जात होती. बोभाटा झाल्यावर ती पोटकंपनी बंद करण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने 'अवास्ट'ला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला सांगितले, आणि अशी माहिती जाहिरातीसाठी विकण्यास मनाई केली. आवळा देऊन कोहळा काढणे यालाच म्हणतात. सर्वांत झोंबणारी गोष्ट ही, की आपल्यावर कुणी पाळत ठेवू नये, म्हणूनच लोकांनी हा जागल्या ठेवला होता. चोराने घर फोडले तर दुःख होते. जागल्यानेच घरातल्या गोष्टी बाजारात सांगितल्या, तर पुन्हा कुणावर विश्वास टाकण्याची उमेदच जाते.

पैसे दिले म्हणजे जागल्या इमानदारच निघेल, असेही नाही. २०२१ मध्ये 'नॉर्टन' या विकतच्या अँटीव्हायरसमध्ये गिऱ्हाइकाच्या यंत्रावर आभासी चलन कमावण्याची सोय जोडण्यात आली. गिऱ्हाइकाने ती स्वतः सुरू करायची होती हे खरे, पण कमाईत कंपनीचा वाटा १५ टक्के! राखणीसाठी ठेवलेल्या माणसाने अंगणात जुगाराचा पाट मांडावा, तसाच हा प्रकार.

याच्या उलट उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला लागले. मॅट्रिकवर थांबलेल्या माझ्यासारख्याला त्यांचे विशेष कौतुक वाटले, तर वाचकांनी समजून घ्यावे. पुढे त्यांनी स्वतःचे दुकान काढले, आणि नव्वदच्या दशकात दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतून विषाणू निघू लागले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते; त्यांनी त्यांवर उतारे लिहिले. त्यातून 'क्विक हील' उभे राहिले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात गेली. हा दुरुस्ती करणाऱ्याचा धंदा आहे: काम सांगा, दाम घ्या. आणि २१ फेब्रुवारी २०१७ रोजी केंद्र सरकारने 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले, तेव्हा बाधित यंत्रे साफ करण्यासाठी नागरिकांना जे साधन विनामूल्य मिळाले, ते याच पुण्याच्या कंपनीचे होते. राखण सर्वांची, ती चावडीवरून जाहीर झालेली आणि राखणारा कोण हे उघड ठाऊक असलेले, असा हा जुन्या गावाच्या कल्पनेला बराच जवळचा मार्ग आहे.

तेव्हा माझे मत असे. राखण फुकट मागण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. साध्या घरगुती वापराला प्रणालीतली कडीच पुष्कळदा पुरते. मात्र दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवल्या पाहिजेत. ज्याला अधिक हवे, त्याने पैसे मोजावेत आणि हक्काने जाब विचारावा. विकतच्या अँटीव्हायरसची चोरून फोडलेली प्रत बसवणे मात्र सर्वांत वाईट. कारण ती फोडणाऱ्याने आत आणखी काय घातले आहे, हे आपल्याला कळत नाही. पहाऱ्यासाठी माणूस ठेवायचा आणि तो चोराच्या शिफारशीने ठेवायचा, यात शहाणपण कसले?

बाकी सगळ्याचे सार एका प्रश्नात आहे, आणि तो विचारायला संगणकाचे ज्ञान लागत नाही. याची भाकर कोण घालतो? गाव घालीत असेल, घर बांधणारा घालीत असेल, मी घालीत असेन, तर हिशेब समोर आहे. कुणीच घालीत नाही असे सांगण्यात आले, तर समजावे, की कुणीतरी मागच्या दाराने ती पोहोचवीत आहे, आणि जागल्या त्याच्यासाठी जागतो आहे.