‘अप्परला’ : मिश्रभाषण आणि व्याकरणाची चौकट

मिश्रभाषण म्हणजे दोन्ही भाषांचे अज्ञान, हा समज खोडून काढण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात शाना पॉपलॅक यांच्या १९८० च्या निबंधास द्यावे लागेल. न्यूयॉर्कमधील प्वेर्तो रिकन वस्तीतील स्पॅनिश-इंग्रजी बोलणे तपासून त्यांनी दाखविले की, वाक्याच्या पोटात भाषा पालटणे हे दोन्हींवर प्रभुत्व असलेल्यांनाच अधिक साधते व ते नियमबद्ध असते. त्यांपैकी एक नियम असा : एका भाषेच्या प्रकृतीस दुसऱ्या भाषेचा प्रत्यय लागत नाही, प्रकृती प्रत्ययाच्या भाषेच्या उच्चारात मुरलेली असेल तरच असा जोड संभवतो.

हा नियम मराठीस कितपत लागू पडतो? पुण्यातील बिबवेवाडीचे बोलणे या परीक्षेस सोयीचे आहे. तेथील ‘अप्पर इंदिरानगर’ या वस्तीचे नाव बोलण्यात नुसते ‘अप्पर’ उरले आहे. ‘अप्परला उतरायचंय’ या वाक्यात इंग्रजी विशेषण मराठी नाम झाले, दुहेरी पकार घेऊन उच्चारात मुरले आणि विभक्तीही घेऊ लागले. येथवर नियम अबाधित आहे. परंतु ‘कन्फ्युजनमुळे डिसिजनला वेळ लागला’ हे वाक्य इंग्रजी शाळेत शिकलेला रहिवासी इंग्रजी उच्चार न सोडताही सहज बोलतो.

तमिळमधील अशाच इंग्रजी नामांना पॉपलॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ‘तात्कालिक उसनवारी’ म्हटले; कारण ती वाक्यात तमिळ नामांप्रमाणेच वागतात. हा पुरावा मोलाचा आहे. मात्र नियमात न बसणारे ते सारे उसने, असे ठरविल्यास नियम खोटा ठरण्याची शक्यताच उरत नाही. कॅरल मायर्स-स्कॉटन यांची १९९३ ची मांडणी मराठीस अधिक जुळते : वाक्याची चौकट एक भाषा पुरविते, दुसरी तीत शब्द भरते. वरील वाक्यात प्रत्यय, क्रियापद व पदक्रम मराठीच आहेत.

यावरून मराठी सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. ‘मीटिंग पोस्टपोन झाली’, ‘त्यांनी पोस्टपोन केली’ या रचनांत चौकट शाबूत असली, तरी ‘लांबणे’पासून ‘लांबवणे’ साधणारी धातूची शक्ती वापरावाचून राहते. सारा भार ‘होणे’ व ‘करणे’ यांवर पडतो. शुद्धतेचा आग्रह इंग्रजी नामे मोजीत बसतो. झीज होते ती धातूंत. ‘अप्परला’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास अशुद्ध ठरविण्यापेक्षा, कोणते मराठी धातू त्याच्या बोलण्यातून मावळत आहेत हे टिपणे, हेच अभ्यासकाचे खरे कार्य होय.