पंगतीतली बहीण : एका कहाणीच्या कथनरीतीविषयी

श्रावणातील शुक्रवारची कहाणी आमच्या पुष्कळ वाचकांनी बालपणी शेजारच्या घरी ऐकली असेल. सुरतेतील गोडादरा भागात, यंत्रमागाच्या कामासाठी खानदेशातून आलेल्या एका कुटुंबात, आम्ही ती पुन्हा ऐकली. घरातील बाई पुस्तिकेवरून वाचीत होत्या. रात्रपाळीहून आलेला त्यांचा मुलगाही झोप विसरून भिंतीशी बसला होता. आमच्या प्रवचनांना असे श्रोते क्वचितच लाभतात, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

कथावस्तू परिचित आहे. श्रीमंत भाऊ सहस्रभोजन घालतो, पण दरिद्री बहिणीस बोलावीत नाही. ती आपण होऊन मुलांसह पंगतीस बसते. येथे कथाकार भावाच्या स्वभावाचे वर्णन करीत नाही. तो त्याच्या हाती तूप देतो आणि त्याला पंगतीतून वाढीत नेतो. वाढता वाढता भाऊ बहिणीपाशी पोहोचतो, तिच्या वस्त्रांवरून तिला बोल लावतो आणि उद्या येऊ नकोस म्हणतो. ‘निष्ठुर’ हे विशेषण उच्चारण्याची गरजच उरत नाही. ती पुन्हा जाते, परंतु मुलांच्या हट्टामुळे. म्हणून श्रोता तिला लोचट ठरवू शकत नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ तिला हात धरून घालवून देतो. तीन वेळांची ही पुनरुक्ती ठरीव लकब नव्हे. प्रत्येक फेरीत अपमान एक पायरी खाली उतरतो.

पुढे देवी प्रसन्न होते व दारिद्र्य फिटते. हा भाग आमच्या मते दुबळा आहे. सांगणारेही तो उरकतात. खरी धार शेवटी येते. आता भाऊ आग्रहाने जेवावयास बोलावतो. बहीण शालजोडी व दागिने उतरवून पाटावर मांडते आणि एकेकावर एकेक पदार्थ ठेवू लागते. ती काहीच बोलत नाही. श्रोत्यास अर्थ उमगतो, भावास मात्र नाही. त्याने विचारल्यावरच ती सांगते की ज्यांना आमंत्रण होते त्यांना मी भरवीत आहे.

नाथान संदेष्ट्याने दावीदापुढे हेच केले (२ शमुवेल १२). मेंढीची गोष्ट कोणाची, हे त्याने राजाने निवाडा देईपर्यंत दडवून ठेवले. सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य याकोबाच्या पत्रातही आहे (२:२-४), पण तेथे युक्तिवाद आहे, कथा नाही. आमचे उपदेशक बंधू मात्र दाखला सांगण्यापूर्वीच त्याचे तात्पर्य सांगून मोकळे होतात, आणि मग श्रोत्याने करावे तरी काय?

व्रतमाहात्म्याच्या कहाणीपासून आपण काय शिकावे, असा आक्षेप येईल. १६१६ साली प्रथम छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्स यांनी पुराणाची चौकट व ओवी निःसंकोच स्वीकारली होती, रीत घेतल्याने मत घ्यावे लागत नाही.

मताच्या बाबतीत आमची तक्रार निराळीच आहे. बहीण श्रीमंत झाली म्हणून तिला उत्तर देता आले. ती दरिद्रीच राहती, तर कोणत्या दागिन्याच्या आधारे बोलती? लूक १४ मधील यजमान गरिबांना ते गरीब असतानाच आत आणवतो. गोडादऱ्याच्या त्या घरी कहाणी संपताच एका लहान मुलीने विचारले, “मग तिची मुलं जेवली का?” वाचणाऱ्या बाईंनी पुस्तिकेची शेवटची पाने पुन्हा चाळली. आम्ही ऐकलेल्या पाठात तरी तसे काही नव्हते.