विचारणारा कोण होता?

फलकावर 'आत्मविचार' हा शब्द वाचून काहीजण प्रवचन ऐकायच्या तयारीनं आले असतील. हरकत नाही. पण आज आम्हाला एका पुस्तकाबद्दल बोलायचं आहे, आणि त्याच्याबद्दल आमची एक तक्रारही आहे.

पुस्तक आहे 'आय अ‍ॅम दॅट'. नाव इंग्रजी असलं तरी त्यातलं बोलणं मूळचं मराठी, आणि तेही आपल्याच मुंबईतलं. नायगावातून निघून दादरला गाडी पकडा, ग्रँट रोडला उतरा आणि चालत खेतवाडीत जा. तिथे मारुती शिवरामपंत कांबळी राहायचे, विड्यांचं दुकान चालवायचे. जन्म १८९७चा, बालपण मालवणजवळच्या कांदळगावात गेलं. १९३३ मध्ये इंचगिरी परंपरेतल्या सिद्धरामेश्वर महाराजांची भेट झाली. कांबळ्यांचे पुढे निसर्गदत्त महाराज झाले. १९३७ मध्ये घर सोडून निघाले, पुढच्याच वर्षी परत आले आणि पुन्हा संसाराला अन् दुकानाला लागले. घराच्या पोटमाळ्यावर लोक जमायचे. महाराज मराठीत बोलायचे, दुभाषे ते परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत सांगायचे. मॉरिस फ्रीडमन या मूळच्या पोलंडच्या इंजिनिअरनं ध्वनिफितींवरून इंग्रजी अनुवाद केला आणि १९७३ मध्ये मुंबईच्या 'चेतना'नं तो छापला. आज जगभर हे पुस्तक वाचलं जातं.

त्यातली शिकवण थोडक्यात सांगायची तर अशी. 'मी अमुक आहे' यातलं 'अमुक' बाजूला करा. नाव, धंदा, जात, वय, देह, मन, सगळं. मग नुसतं 'मी आहे' उरतं. त्या असण्याच्या जाणिवेला धरून राहा. ती कुठून उगवते ते बघा. बघता बघता बघणारा आणि बघितलं जाणारं हा भेदच ओसरतो. अद्वैत म्हणतात ते हेच. सिद्धरामेश्वर महाराज दोन मार्ग सांगत: पिपीलिका मार्ग, म्हणजे मुंगीसारखं साधना करत करत चढायचं, आणि विहंगम मार्ग, म्हणजे श्रवण-मननाच्या बळावर पाखरासारखं थेट फळावर जायचं. खेतवाडीतलं बोलणं या दुसऱ्या मार्गाचं. पुस्तकाची ताकदही तीच. प्रश्न कसलाही असो, महाराज तो वळवून विचारणाऱ्याकडेच नेतात.

आणि नेमकी इथेच आमची तक्रार आहे. सगळा भर विचारणाऱ्यावर, पण विचारणारा पुस्तकात नाहीच! पानोपानी एका बाजूला 'महाराज', दुसऱ्या बाजूला नुसता 'प्रश्नकर्ता'. तो कुठून आला, पोट कशावर भरतो, घरी कोण आजारी आहे, यातलं क्वचितच काही कळतं. परतीचं विमानाचं तिकीट खिशात असलेला पाहुणा आणि गिरगावातला कारकून, दोघांचं नाव एकच.

कुणी म्हणेल, अहो, मुद्दामच तसं केलंय. उत्तर सगळ्यांसाठी आहे, मग नावं कशाला? युक्तिवाद चांगला आहे. पण तो आपण नायगावात तपासून पाहू.

महाराज ८ सप्टेंबर १९८१ला गेले. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं कामाबाहेर राहिली. कल्पना करा, त्यातलाच एकजण त्या पोटमाळ्यावर जाऊन बसला आहे. 'मी कोण' या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे कालपर्यंत तयार होतं: साच्यावरचा कामगार. त्याला सांगितलं, 'तू कामगार नाहीस.' हेच तर मालकानं सांगितलंय त्याला! आता गुरूही तेच सांगतोय. दुसरा एकजण इथल्या बीडीडी चाळीतला. गावानं पिढ्यान्‌पिढ्या त्याला जातीच्याच नावानं हाक मारली. त्याला सांगितलं, 'लोक तुला जे म्हणतात ते तू नाहीस.' त्याची मान वर होईल. वाक्याची घडण एकच. एकाला ते कामावरून काढल्याची चिठ्ठी वाटेल, दुसऱ्याला सुटका. उत्तर सगळ्यांसाठी आहे हे खरं धरलं, तरी ते प्रत्येकाच्या हातात वेगळं पडतं.

आमच्या मते आत्मविचाराला एक व्याकरण आहे. 'देह मी नाही' हे प्रथमपुरुषी वाक्य आहे. महाराजांना घशाचा कर्करोग झाला होता. त्याच घशातून ते शेवटच्या काळातही शिकवत राहिले. स्वतःच्या दुखण्याबद्दल माणूस हे म्हणतो तेव्हा त्याला वजन असतं. तेच वाक्य 'देह तू नाहीस' असं करून कापसाच्या तंतूंनी छाती भरलेल्या माणसाला ऐकवलं, तर ज्ञान तिथेच संपतं आणि टाळाटाळ सुरू होते. पुस्तकात हे द्वितीयपुरुषी वाक्य फार वेळा येतं. पोटमाळ्यावर समोरचा चेहरा दिसत होता, म्हणून ते पेलत असेल. छापील पानाला समोरचा चेहरा दिसत नाही. आज तर त्यातलं एकेक वाक्य सुटं करून मोबाईलवर सुविचार म्हणून फिरतं. मग उरलासुरला प्रश्नकर्ताही जातो.

फ्रीडमन यांना माणसांची फिकीर नव्हती असं मात्र म्हणता येणार नाही. औंध संस्थानात राजानं सत्ता गावांच्या हाती सोपवली, त्या कामात ते होते. खेतवाडीतही नुसता तर्क नव्हता. रोज भजन होतं, आरती होती, आल्यागेल्याची ऊठबस होती. इंग्रजी पानांवर त्यातलं फार थोडं आलं.

मराठी कानाला एक गोष्ट सहज ऐकू येते. आपल्याकडे 'मी आहे' हे माणूस सहसा एकटा बसून म्हणत नाही. शेजारी अंबुलन्स येते, बाई घाबरलेली असते, तेव्हा चाळीतलं कुणीतरी म्हणतं, 'वहिनी, घाबरू नका, मी आहे ना.' त्या 'मी'मध्ये 'अमुक' फारसं उरलेलं नसतं. नाव, मान, सोय, सगळं त्या घटकेला गळून पडलेलं असतं. 'मी आहे' पासून 'मी आहे ना' पर्यंत जे शिकवणं पोचतं, ते आम्ही अद्वैत मानू. अलीकडेच थांबतं, ती नुसती स्वतःची समजूत.

तेव्हा पुस्तक जरूर वाचा, मोलाचं आहे. फक्त वाचताना दर पानावर त्या 'प्रश्नकर्त्या'च्या जागी एक ओळखीचा माणूस बसवा, आणि मग उत्तर पुन्हा वाचा. काही उत्तरं जास्तच झळाळतील. काही ठिकाणी तुम्हाला महाराजांशी भांडावंसं वाटेल. खुशाल भांडा. त्या पोटमाळ्यावर भांडायला कुणाला बंदी नव्हती.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ. विचारण्याआधी नाव आणि काय काम करता, तेवढं सांगा.