‘संदर्भाविना’ – पण कुठपर्यंत?

भीमेवरच्या उजनी जलाशयातले रोहू, चिलापी, मरळ सोलापूरच्या मुलांना ओळखीचे असतात. पण अंड्यात पिल्लू घडताना कोणते जनुक केव्हा कामाला लागते? ज्या माशाचा संपूर्ण डीएनए, म्हणजे जीनोम, वाचलेला नाही, त्याच्याबाबत हे कळणारच नाही, असे आपण वर्गात सांगून टाकतो. हा अडसर दूर करणारी एक प्रसिद्ध पद्धत म्हणजे ‘ट्रिनिटी’. मॅनफ्रेड ग्राबहेर, ब्रायन हास आणि सहकाऱ्यांनी ती २०११ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त मांडली.

कामाला लागलेल्या जनुकाच्या आरएनए-नकला तयार होतात. यंत्र त्यांचे तुकडे वाचते. वर्तमानपत्राच्या पन्नास प्रती फाडून कपटे मिसळले, तरी कडेचे शब्द जुळवत पाने पुन्हा उभी करता येतात. मूळ प्रत लागत नाही. ट्रिनिटी हेच करते. पानाची लांबी जमेस धरून कपटे मोजले, की जनुक किती कार्यरत आहे तेही कळते. झेब्राफिशचा गर्भ पहिले सुमारे तीन तास मुख्यतः आईने अंड्यात ठेवलेल्या आरएनएवर चालतो, मग त्याची स्वतःची जनुके जोमाने सुरू होतात. टप्प्याटप्प्याने मोजणी केली, की असे बदल टिपता येतात.

पद्धत उत्तम आहे. तरी आमचे दोन आक्षेप आहेत.

सोलापूर आणि पुणे आवृत्त्यांचे कपटे मिसळले तर? पाने बरीचशी सारखीच! आजच्या बहुतेक माशांच्या पूर्वजात ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी सारा जीनोम दुप्पट झाला. सायप्रिनसच्या पूर्वजात नंतर आणखी एकदा. अशी जुळी जनुके एकच समजली जाऊ शकतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुळवलेल्या पानाला नाव कोण देणार? बहुधा झेब्राफिशसारख्या परिचित माशाशी ताडूनच ते दिले जाते. त्याचा जीनोम २०१३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे बाहेर ठेवलेला संदर्भ मागच्या दाराने आत येतो. मरळ हवेतूनही श्वास घेते, झेब्राफिश घेत नाही. त्यासाठी एखादे आगळे जनुक वापरले जात असेल, तर नेमके तेच अनामिक राहील. हा दोष पद्धतीचा कमी, निष्कर्ष वाचणाऱ्यांचा अधिक.

कपट्यांचा खेळ वर्गात जरूर घ्यावा. मात्र ओळख न पटलेली पाने केरात जाऊ देऊ नयेत. आपल्या नदीचा मासा वेगळा का, याचे उत्तर कदाचित तिथेच असेल.