कारागृह-निरीक्षकाचा अधिकार आणि अहवालाची वाक्यरचना

इंग्लंड व वेल्स येथील कारागृहांच्या मुख्य निरीक्षकाचे अहवाल बहुधा दंडशास्त्राचे किंवा प्रशासनाचे साहित्य म्हणून वाचले जातात. भाषेच्या अभ्यासकानेही ते वाचावेत यास सबळ कारण आहे. या अधिकाऱ्यास कोणत्याही तुरुंगाधिकाऱ्याला आज्ञा करता येत नाही, कोणाची बदली करता येत नाही की एखादी कोठडी बंद करवता येत नाही. त्याच्या हाती केवळ वाक्य असते. तेव्हा अशा संस्थेतील वरिष्ठ नेतृत्वाची परीक्षा शेवटी त्या वाक्याच्या घडणीवरच करावी लागते.

१९७९ च्या मे समितीने तुरुंग खात्यापासून अलग अशा निरीक्षणाची शिफारस केली, १९८१ मध्ये कार्यालय सुरू झाले आणि १९८२ च्या फौजदारी न्याय अधिनियमाने १९५२ च्या कारागृह अधिनियमात त्यासाठी नवे कलम घातले. त्या कलमातील मुख्य क्रिया दोनच : पाहणे आणि मंत्र्यास कळविणे. कळवावयाचे ते विशेषतः कैद्यांना मिळणारी वागणूक व तुरुंगातील परिस्थिती यांविषयी. सुधारणे, भाग पाडणे, शिक्षा करणे या अर्थाचे क्रियापद तेथे नाही. ही कायदेकर्त्यांची अनवधानाने राहिलेली उणीव मानता येणार नाही, कारण १८३५ च्या कायद्याने नेमलेल्या पहिल्या पाच निरीक्षकांचा अधिकारही एवढाच होता.

मात्र त्या पहिल्या पिढीचा इतिहास सावध करणारा आहे. त्या पाचांपैकी विल्यम क्रॉफर्ड हे अमेरिकेतील तुरुंग पाहून आलेले, तर व्हिटवर्थ रसेल हे मिलबँक तुरुंगातील धर्मोपदेशक. दोघेही कैद्यांना एकमेकांपासून पूर्ण वेगळे ठेवण्याच्या पद्धतीचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांचे अहवाल हळूहळू पाहिलेल्याची नोंद न राहता एका योजनेची वकिली झाले. १८४२ मध्ये उघडलेले पेंटनव्हिल हे त्या वकिलीचे विटांतले रूप म्हणावे लागेल. पुढे १८७७ च्या कायद्याने सर्व तुरुंग केंद्र सरकारच्या ताब्यात गेले, आणि निरीक्षक हे ज्यांची तपासणी करावयाची त्यांच्याच हाताखालचे नोकर बनले. एकदा निरीक्षक स्वतःच्या मताचा बंदिवान झाला, दुसऱ्यांदा खात्याचा.

१९८१ नंतरच्या प्रमुखांकडे पाहता त्यांची पूर्वपीठिका किती भिन्न होती हे ध्यानात येते. स्टीफन ट्युमिम हे न्यायाधीश, डेव्हिड रॅम्सबॉथम सेनाधिकारी, ॲन ओवर्स मानवी हक्कांच्या क्षेत्रातील, पीटर क्लार्क पोलीस खात्यातील. तुरुंग-सेवेत वाढलेला मनुष्य प्रमुखपदी नसावा, असा जणू संकेतच पडला. ट्युमिम यांच्या काळात, १९९० मध्ये, मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगातील दंगल झाली. कोठडीतच भांड्यात शौच करून ती भांडी सकाळी रिकामी करावयाची जी प्रथा त्यांनी सातत्याने निंदिली, ती १९९६ मध्ये संपुष्टात आली. रॅम्सबॉथम यांची सर्वांत गाजलेली कृती म्हणजे एक न लिहिलेला अहवाल. डिसेंबर १९९५ मध्ये लंडनमधील हॉलोवे या स्त्रियांच्या तुरुंगातील घाण व अव्यवस्था पाहून त्यांनी तपासणी अर्धवट थांबवली आणि ते आपल्या पथकासह बाहेर पडले. ज्याचा अधिकार बोलण्यापुरताच आहे त्याने बोलण्यास नकार दिला, आणि तो नकार सर्वत्र ऐकू गेला. हा उपाय अर्थातच वारंवार योजता येत नाही.

रॅम्सबॉथम यांच्याच कार्यालयाने १९९९ च्या आत्महत्याविषयक अहवालात ‘निरोगी तुरुंगा’ची कल्पना मांडली. सुरक्षितता, आदर, उपयुक्त उद्योग आणि सुटकेनंतरच्या जीवनाची तयारी या तिच्या चार कसोट्या. त्यांवरून पुढे अपेक्षांची जी संहिता तयार झाली तिची वाक्ये व्याकरणदृष्ट्या लक्षणीय आहेत. ‘कैद्यांना सन्मानाने वागवले जावे’ असा विध्यर्थ तेथे सहसा नसतो. ‘कैद्यांना सन्मानाने वागवले जाते’ अशा धर्तीचा साधा वर्तमानकाळ असतो. आदर्श सांगण्याचे आणि वस्तुस्थिती नोंदवण्याचे रूप एकच झाल्यामुळे अपेक्षा व निष्कर्ष शेजारी ठेवले की विसंगती आपोआप उघडी पडते. ओवर्स यांनी ज्यास आभासी तुरुंग म्हटले, म्हणजे कार्यालयातील कागदांवर व मंत्र्यांच्या समजुतीत नांदणारा तुरुंग, त्याच्याशीही हाच वर्तमानकाळ भांडतो. अहवालातील खरे काम त्यामुळे संख्याविशेषणांकडे येते. ‘वाजवीपेक्षा अधिक कैदी दिवसभर कोठडीत बंद होते’ या प्रकारच्या वाक्यात मोजणी आणि निवाडा एकाच शब्दसमूहात बसवलेले आहेत. या शैलीचे हे मोठेच यश होय.

श्रेणींविषयी मात्र असे म्हणता येत नाही. प्रत्येक कसोटीस चारपैकी एक श्रेणी मिळते : चांगले, बऱ्यापैकी चांगले, पुरेसे चांगले नाही, आणि वाईट. चारांपैकी तिहींत ‘चांगले’ हा शब्द आहे. ‘पुरेसे चांगले नाही’ या नकारात काही प्रमाणात चांगलेपणा गृहीतच धरला जातो; शाळेच्या प्रगतिपुस्तकात तो खपेल, पण जेथे माणसे रात्री भीतीने जागी राहतात त्या जागेस तो लावला की भाषा वस्तुस्थितीपासून सुटते. श्रेणी हा केवळ क्रम आहे, वर्णन नव्हे, असा यावर आक्षेप येईल. तो तर्काने बिनतोड आहे. परंतु वृत्तपत्रे व मंत्री वाचतात ते श्रेणीचे शब्द, क्रम नव्हे.

अलीकडे दोन बदल झाले आहेत. २०२० मध्ये आलेल्या चार्ली टेलर यांच्या कारकीर्दीत तुरुंगाच्या नेतृत्वाविषयी स्वतंत्र विवेचन येऊ लागले व त्यास श्रेणी न देण्याचे ठरले. हा निर्णय शहाणपणाचा आहे. श्रेणी असती तर विवेचन कोणी वाचले नसते. दुसरा बदल अधिक विवाद्य वाटतो. पूर्वी अहवालाअखेर शिफारशींची लांबलचक यादी असे. आता त्या जागी मोजक्या ‘चिंता’ नोंदवल्या जातात. शिफारशींचे ओझे कमी झाले आणि उपाय शोधण्याची जबाबदारी तुरुंगप्रमुखावर गेली, हे खरे. क्रॉफर्ड व रसेल यांची चूक टाळण्याचा हा मार्गही असू शकेल. पण शिफारशीत ‘अमुक व्हावे’ हे क्रियापद होते आणि पुढील भेटीत ते झाले की नाही हे विचारता येत होते. चिंता हे नाम आहे. ती वाढते, घटते, व्यक्त होते, पण पार पडत नाही.

ही वाक्ये प्रत्यक्षात घडवतो कोण? सही मुख्य निरीक्षकाची असते, परंतु तपासणीचे दैनंदिन नेतृत्व पथकप्रमुखाकडे असते. पाहणी, कैद्यांतील सर्वेक्षण, कैद्यांशी संभाषण, कर्मचारी व इतरांशी संभाषण आणि कागदपत्रे या पाच प्रकारांचा पुरावा त्याच्यापुढे येतो व त्यांत मेळ नसतो. कोठडीतील घंटी वाजवल्यावर वेळेवर कोणी येते काय, यास नोंदवहीचे उत्तर एक आणि कैद्यांचे दुसरे. त्यांतील कोणते मुख्य वाक्यात घालावयाचे आणि कोणते ‘जरी’ने सुरू होणाऱ्या गौण वाक्यात, हे ठरवणे म्हणजेच या पदावरील खरे अधिकारग्रहण. वरिष्ठांचे काम पुढे हे की, मसुदा तथ्यशुद्धीसाठी तुरुंगाकडे जाऊन परतला असता मुख्य व गौण वाक्यांची अदलाबदल झालेली नसावी.

नोव्हेंबर २०१७ च्या संकेतानुसार मुख्य निरीक्षक अत्यंत गंभीर प्रसंगी मंत्र्यास जाहीर पत्र लिहू शकतो आणि मंत्र्याने २८ दिवसांत जाहीर उत्तर द्यावे लागते. जानेवारी २०१८ मध्ये नॉटिंगहॅमविषयी असे पहिले पत्र गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमचा तुरुंग शासनाने खासगी कंपनीच्या ताब्यातून काढून घेतला. या कार्यालयाच्या भाषेत प्रथमच मुदत आली. मुदत उत्तराला आहे, सुधारणेला नाही. शिवाय नेमणूक मंत्र्याच्याच हाती राहिली आहे. निक हार्डविक यांना २०१४ मध्ये पदासाठी पुन्हा अर्ज करण्यास सांगितले गेले आणि त्यांनी तो करण्याचे नाकारले. ज्याच्याकडे तक्रार करावयाची त्याच्याकडेच अर्ज करण्याची ही व्यवस्था अहवालाच्या प्रत्येक विशेषणावर पडछाया टाकते.

मराठी वाचकापुढे येथे परिभाषेची एक अडचण उभी राहते. १८९४ च्या भारतीय कारागृह अधिनियमाने महानिरीक्षकास सर्व तुरुंगांचे सर्वसाधारण नियंत्रण व देखरेख सोपवली. आपल्याकडे म्हणूनच कारागृह महानिरीक्षक हा तुरुंग चालवणारा अधिकारी; बाहेरून पाहण्याचे काम अभ्यागतांकडे गेले. इंग्रजी पदाचे भाषांतर ‘मुख्य कारागृह निरीक्षक’ असे केले की मराठी वाचकाच्या मनात नेमका उलटा माणूस उभा राहतो. जुन्या शाळांत तपासनीस येत, वर्ग पाहत आणि शेरेबुकात शेरा लिहून जात. त्या पदाचा अर्थ या कार्यालयास अधिक जवळचा आहे, आणि ‘कारागृह-तपासनीस’ हा शब्द भाषांतरकारांनी विचारात घेण्याजोगा आहे.